तलअतखानमला तोंडदेखलं चालत नाही

इराणातल्या गोरगान शहरात, आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारीपाजारी त्यांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवतात. एक, दुपारी नळाला पाणी कमी येतं. दोन, तलअतखानमसमोर तोंड सांभाळून बोला. बाई भांडकुदळ आहे म्हणून नव्हे हो, बाई लाखात एक आहे. पण तिला तुम्ही काही देऊ केलंत ना, तर ती घेते!

आता देऊ केलेलं घेतलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. अहो, आमच्याकडे देऊ करणं आणि देणं यांत केवढं अंतर! टॅक्सीवाला भाडं घेण्याआधी म्हणणार, "राहू द्या, तुमच्यापुढे कसलं भाडं." कापडवाला म्हणणार, "दुकान तुमचंच आहे, न्या तसंच." असं म्हणायचंच असतं, त्याला तारोफ म्हणतात. ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, तर समोरचा मनापासून विचारतोय असं समजून हो म्हणायचं. तान्ही पोरंसुद्धा हे आईच्या दुधाबरोबर शिकतात.

तलअतखानमला हे सगळं येतं. ती पाळत नाही, एवढंच. भट्टीवाला याकूब एकदा तिला म्हणाला, "आजची रोटी माझ्याकडून, खानम." तिनं दोन गरम रोट्या डोक्यावरून घेतलेल्या चादरीच्या टोकात गुंडाळल्या, "देव तुझं भलं करो" म्हणाली आणि चालू लागली. याकूबचा हात पसरलेला तसाच. पलीकडच्या मिनूखानमच्या चहाच्या समोवाराचं तिनं कौतुक केलं, तेव्हा मिनूखानम रीतीप्रमाणे म्हणाली, "तुमचाच आहे." दुसऱ्या दिवशी समोवार तलअतखानमच्या ओट्यावर! आठ दिवसांनी तिनं तो लख्ख घासून परत नेऊन दिला आणि वर म्हणते कशी, "द्यायचा नव्हता तर म्हणायचं कशाला, बाई?" तेव्हापासून गल्लीतले लोक तिच्यासमोर नुसतं "बरं आहे ना?" एवढंच विचारतात.

हे वेड तिला जन्मापासून नव्हतं. सतरा वर्षांची असताना तिच्याइतकी मर्यादशील पोर आख्ख्या मोहल्ल्यात नव्हती. शाळेत पहिली. मशहदला नर्सिंगच्या शाळेत तिचं नाव लागलं. तिचा मामा मशहदला राहायचा, तो मुद्दाम तिला न्यायला आला. तिनं बोचकंसुद्धा बांधून ठेवलं होतं, कपाटामागे लपवून. बापानं चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "काय ग, जायचंय तुला?" पोरीनं मान खाली घातली. "तुम्हाला सोडून कुठे जाऊ, बाबा?" बापानं पुन्हा विचारलं, "बघ हं, मामा एवढा आलाय." ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आता तिसऱ्यांदा विचारतील, मग हो म्हणायचं, असं तिनं मनात पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात अजान झाली. बाप हातपाय धुवायला उठला आणि जाता जाता मेहुण्याला म्हणाला, "पोरीचं मन नाही, राहू दे."

बस्स! एवढ्यावर संपलं. मामा दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. बाप वाईट नव्हता हो. पोरीचं मन मोडू नये म्हणून बिचाऱ्यानं जास्त आग्रह केला नाही. ते बोचकं तिनं आठ दिवस सोडलं नाही. सोडलं तेव्हा त्यातून चादर काढली, डोक्यावरून घेतली आणि त्या दिवसापासून जे हवं ते हवं आणि नको ते नको. लग्न झालं गुलामअलीशी, तो बस चालवायचा. त्याच्याशी तिनं तेहतीस वर्षं संसार केला, आणि तो गेला तेव्हा महिनाभर कुणाशी बोलली नाही. त्यांना दोन मुलं, पेजमान आणि रामतीन.

नर्स व्हायचं राहिलं, पण घरी बसायची ती बाई नव्हे. नाहारखोरानच्या रस्त्यावर मुलींचा खेळाचा हॉल आहे, तिथे ती राखणदार म्हणून लागली. एकतीस वर्षं त्या हॉलच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. काचांना आतून पांढरा रंग, दारावर पडदा, आणि मुलींचा सराव चालू असताना पुरुष म्हणून एक चिमणासुद्धा आत येता कामा नये. कुणाचा बाप येवो की भाऊ, तलअतखानम पायरीवर झाडू घेऊन उभी. आत मात्र मुली डोक्यावरचं भिरकावून द्यायच्या आणि दम कोंडून चढाया करायच्या. आमच्याकडे कबड्डी जुनी. शेतात पोरं खेळायचीच, आता पोरींनी उचलून धरली. झाडू मारता मारता तलअतखानमला खेळ असा कळायला लागला की प्रशिक्षक मोजदेखानमही तिला विचारायच्या, "कोपऱ्यात कुणाला उभी करू?"

तिथेच तिला तर्लान दिसली. सडपातळ, काळीसावळी, एका चढाईत तिघींना हात लावून रेघेवर अंग टाकणारी. पेजमान आईचा डबा द्यायला दारापर्यंत यायचा, तिथेच या दोघांचं जमलं. तलअतखानमनं ते आठवड्यात ओळखलं आणि मनातून खूश झाली. माझं पोरगं मऊ आहे, त्याला अशीच पाहिजे, असं ती सगळ्यांना सांगायची. मात्र निकाहाच्या आदल्या दिवशी तिनं होणाऱ्या सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "करारात लिहून घे. शिक्षण, नोकरी, परदेशी जाणं, सगळं लिहून घे. लिहायला जागा असते."

"अहो आई, पेजमान तसा नाही," तर्लान लाजून म्हणाली. "आणि मी असं मागितलं तर लोक काय म्हणतील? अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

तलअतखानमनं कपाळाला हात लावला. पण सून नवी, सोयरे बाहेर बसलेले. तेव्हा ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला पुढे चार वर्षं पश्चात्ताप झाला.

चार वर्षांनी तर्लानची देशाच्या संघात निवड झाली. नेपाळात स्पर्धा. मोजदेखानम स्वतः पेढ्यांसारखी केशराची मिठाई घेऊन घरी आल्या, म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत पासपोर्ट हातात हवा. नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, पोरी, माझा इलाज नाही." तर्लान तेव्हा सत्तावीसची. पुढची निवड दोन वर्षांनी, आणि गुडघा तर आत्ताच कुरकुरत होता. म्हणजे हीच वेळ. आणि लग्न झालेल्या बाईचा पासपोर्ट नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय निघत नाही. पेजमाननं नोटरीच्या दफ्तरात जाऊन सही करायची, की काम झालं.

पेजमान म्हणाला, "बघू."

शनिवारी बघू, सोमवारी बघू, बुधवारी "दुकानात फार काम आहे". नाही म्हणेना आणि हो म्हणेना. तर्लान त्याला एकदा विचारायची, दुसऱ्यांदा विचारायची, मग गप्प होऊन भांडी घासत बसायची. तलअतखानमचा जीव नुसता वरखाली होत होता.

पेजमान दुष्ट नव्हता. बायकोचा घामानं भिजलेला खेळाचा पोशाख स्वतः धुवून वाळत घालणारा नवरा गल्लीत दुसरा दाखवा! पण त्याच्या मनात रामतीन होता. धाकटा रामतीन सहा वर्षांपूर्वी जर्मनीला गेला, "दोनच वर्षं" म्हणून. विमानतळावर पेजमाननंच त्याची बॅग उचलली होती. आता रामतीन शुक्रवारी मोबाईलच्या पडद्यावर येतो, मागे कुठलं तरी बर्फ पडत असतं, आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतो. आमच्या गल्लीतून अशी नऊ पोरं गेली. पेजमान एकदा आईला तेवढंच म्हणाला होता, "गेलेलं कोण परत येतं ग?" रामतीनची उशी तलअतखानमही अजून दर महिन्याला उन्हात टाकत होती.

अशात सुट्टीचा शुक्रवार आला, गुरुवारला सहाच दिवस राहिले. दुपारच्या जेवणाला पेजमानचे मालक हाजी नुसरत आणि त्यांची बायको फोरुगखानम येणार होते. हाजीआगांचं फरशांचं मोठं दुकान, पेजमान तिथे विक्रीला. डाळिंब-अक्रोडाची कोंबडी, केशराचा भात, भाताची सोनेरी खरवड, मुळा, पुदिना, सगळं थाटात मांडलं होतं.

"काय ग पोरी," फोरुगखानमनं भात वाढून घेत विचारलं, "तू म्हणे परदेशी खेळायला निघालीस?"

तर्लाननं ताटाकडे बघितलं. "अजून काही नक्की नाही, खानम."

"नक्की नाही म्हणजे?" हाजीआगांनी डोळे मोठे केले. "काय रे पेजमान, बायकोला अडवून ठेवलंस की काय? अरे, माझी मुलगी मिलानला एकटी राहते, शिकते. जग कुठे चाललंय आणि तू कुठल्या काळात आहेस, बाबा?"

पेजमानचे कान लालबुंद झाले. मालकासमोर मागासलेला ठरणं कुणाला आवडेल? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "छे छे, हाजीआगा! मी कोण अडवणारा? माझा जीव तिचा आहे, तिथे एका सहीचं काय घेऊन बसलात! आत्ता म्हणाल तर आत्ता करतो."

"शाब्बास! याला म्हणतात मर्द," हाजीआगा म्हणाले. त्यांनाही मग चेव चढला. "माझ्याकडून काही लागलं तर संकोच करू नका. गाडी, ड्रायव्हर, मी स्वतः, सगळं तुमचंच."

दुसऱ्या कुठल्याही घरात हे इथेच संपलं असतं. सगळ्यांनी "तुमची कृपा, तुमची छाया राहो" म्हटलं असतं, मग फळं आली असती, चहा आला असता, आणि सही राहिली असती तिथेच. पण डाव तलअतखानमच्या हातात होता, म्हणजे अगदी हातात, भात वाढायचा. तिनं तो खाली ठेवला.

"उद्या शनिवार," ती म्हणाली. "दफ्तर नऊला उघडतं. हाजीआगा, गाडी साडेआठला पाठवा. आणि याला दुपारपर्यंत सुट्टी लागेल."

हाजीआगांच्या तोंडात खरवडीचा तुकडा होता, तो त्यांनी चावायचा थांबवला. पेजमान आईकडे असा बघत राहिला जणू तिनं भर जेवणात त्याचं ताट ओढून घेतलंय.

"अं... हो, म्हणजे... अर्थातच," हाजीआगा शेवटी म्हणाले.

"साडेआठला मी पाठवते," फोरुगखानम म्हणाली. रुमालाआड ती चक्क हसत होती. "यांच्या लक्षात राहणार नाही."

पाहुणे गेले आणि पेजमान फुटला. "आई, काय लाज आणलीस! ते नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो, तुला कळत नाही?"

"कळतं."

"मग?"

"मग काय? बोलायचं म्हणून सगळं बोलता, आणि ती पोर तुझ्या 'बघू'वर आठ दिवस वाट बघतेय! नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हण, मर्दा. मी तुला त्यासाठी माफ करीन."

पेजमान दार आपटून गच्चीवर गेला. तर्लान मोरीपाशी उभी होती, हात फेसात. हळूच म्हणाली, "आई, राहू द्या ना. त्याचं मन नसेल तर मला नको."

तलअतखानम अशी भडकली की विचारू नका. "नको? खरंच नको? माझ्या डोळ्यांत बघून सांग!"

तर्लाननं बघितलं. मग एकदम मोठ्यांदा म्हणाली, "हवंय! मला जायचंय, आई. मला इतकं जायचंय की मला झोप लागत नाही."

"हां! आता हे त्याला सांग. मला सांगून काय उपयोग?"

एवढा दरारा दाखवला खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोटीच्या रांगेत उभं असताना तलअतखानमला नाही नाही ते सुचत होतं. पोर तिकडेच राहिली तर? तिकडे कुणी सांगितलं, इथे थांब, इथे नोकरी आहे, तर? मग पेजमान एकटा. एक मुलगा पडद्यावर आणि दुसरा बायकोविना, आणि हे सगळं आपल्या जिभेमुळे. आपण पोराचं घर मोडायला तर निघालो नाही? गाडीला परत पाठवावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. याकूबनं रोटी तिच्या हातात दिली आणि घाईघाईनं किंमतही सांगितली, तिला ऐकूही आलं नाही.

साडेआठला गाडी आली. हाजीआगांची पांढरी गाडी, ड्रायव्हरसकट. पेजमान पुढे बसला, सासू-सून मागे. तर्लानची ओढणी खांद्यावर होती. ती डोक्यावर घ्यायची सवय तिनं आणि तिच्या वयाच्या बऱ्याच जणींनी केव्हाच सोडली होती, आता त्यावर घरात कुणी बोलतही नसे.

दफ्तर पहिल्या मजल्यावर. बाहेर बाक, आत काचेमागे चष्मेवाला कारकून. तीन माणसं पुढे होती. पेजमान बाकावर बसला तो गुडघ्यांवर कोपर टेकून, जमिनीकडे बघत. त्यांचा नंबर आला, कारकुनानं नाव पुकारलं, तरी तो हलला नाही.

"उठतोस ना?" तलअतखानम म्हणाली.

"तू मला अडकवून आणलंस."

"हो, आणलं," ती म्हणाली. "पण आता ओढत आत नेणार नाही. तुला नाही म्हणायचं असेल तर इथूनच परत जाऊ. मी एक शब्द बोलणार नाही. हाजीआगांनाही मीच सांगेन, माझंच चुकलं म्हणून."

पेजमाननं मान वर केली ती बायकोकडे बघायला. "परत येशील?" त्यानं विचारलं. बाकावर बसलेली सगळी माणसं ऐकत होती. त्याला पर्वा नव्हती. "खरं सांग, तर्लान. रामतीनसारखं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी नको करूस. येशील?"

तर्लान त्याच्यासमोर उकिडवी बसली, सरावात बसते तशी, अगदी डोळ्याला डोळा भिडवून.

"येईन," ती म्हणाली. "तुझ्यासाठी येईन, आईंसाठी येईन. पण पेजमान, आत्ता मी घरात आहे ते दाराला कुलूप आहे म्हणून की मला तिथे राहायचंय म्हणून, हे तुला कसं कळणार? मलाही कळत नाही. चार वर्षं मी तुला काही मागितलं नाही, चांगली दिसावी म्हणून. आता मागतेय. मला खेळायचंय. मला जायचंय. तू नाही म्हणालास तर मी घरीच राहीन, आणि मग तुझ्यावर माझं पहिल्यासारखं मन राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही. हे धमकी म्हणून म्हणत नाही. आहे ते सांगतेय."

कारकुनानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं. "येताय का पुढचा घेऊ?"

पेजमान उठला. खिशातून ओळखपत्र काढलं, काचेखालून सरकवलं. तलअतखानम त्याच्या मागे उभी राहिली. सही होईल. एका वेळची तरी होईल. नेपाळपुरती. देवा, एवढी तरी होऊ दे, बाकीचं पुढचं पुढे.

कारकून फॉर्म भरत होता. लेखणी थांबवून त्यानं विचारलं, "एकदा जाण्यापुरती संमती, की कायमची?"

तलअतखानमनं काचेची कड धरली. तिथे ना हाजीआगा होते, ना फोरुगखानम. वाहवा करणारं कुणी नव्हतं. आठ दिवसांपुरती लिहून दिली असती तरी त्याचा शब्द राहिला असता, त्याला कुणी बोल लावला नसता.

"कायमची," पेजमान म्हणाला.

"विचार करून सांगा, आगा. बरेच जण एकदाचीच देतात. कायमची म्हणजे मग दर वेळी तुम्हाला विचारणं नाही."

"तेच म्हणतोय. मला विचारायला नको. लिहा."

शिक्का बसला. पेजमाननं सही केली, अंगठा टेकवला, शाईचं बोट रुमालाला पुसत बाहेर आला. तर्लाननं तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. आणि मग तिनं भर दफ्तरात नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाकावरचा एक म्हातारा खाकरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

तलअतखानम जिन्यात गेली आणि पायरीवर बसली. छातीवरचा धोंडा असा एकाएकी उतरला की तिला रडू आवरेना, चादरीत तोंड घालून ती हमसून हमसून रडली. पेजमान धावत आला.

"आई! आता काय झालं? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाही झालं," ती म्हणाली. "मी एकदाचीच मागायला आले होते. त्याहून जास्त तू देशील असं मला वाटलंच नव्हतं. पोटचा पोरगा, आणि मी तुला ओळखलं नाही रे."

"बरं, बरं. रड थांबव. लोक बघतायत."

"बघू देत," तलअतखानम म्हणाली, आणि त्याचा शाईचा हात दोन्ही हातांत घेऊन तशीच बसून राहिली. वरून तर्लान कागद छातीशी धरून जिना उतरत होती. पासपोर्टचं ऑफिस एक वाजता बंद होणार होतं, आणि ड्रायव्हर खाली दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता.